रोमिंगचं बिल उशिरा का यायचं?

केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातलं, जालना-भोकरदन रस्त्यावरचं गाव. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याची मोसंबी ट्रकमध्ये भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीकडे निघाली. धुळ्याजवळ ट्रक आग्रा रोडला लागला की पुढे सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, धौलपूर, आग्रा, मथुरा, पलवल आणि मग दिल्ली. ड्रायव्हरच्या दृष्टीने हा एकच रस्ता. त्याच्या खिशातल्या मोबाईलच्या दृष्टीने मात्र ही सहा वेगळी संस्थानं आहेत. टेलिकॉमच्या भाषेत सहा सर्कल : महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, पश्चिम उत्तर प्रदेश, हरियाणा आणि दिल्ली. त्यातलं राजस्थान तर फक्त धौलपूरपुरतं. ट्रक चहाला थांबला नाही तर तासाभरात संपणारं. पण त्या तासाभरात एक जरी कॉल झाला, तरी राजस्थानच्या नेटवर्कने त्याची नोंद करायची, ती महाराष्ट्राच्या कंपनीकडे पाठवायची, आणि महाराष्ट्राच्या कंपनीने ड्रायव्हरकडून पैसे घेऊन त्यातला वाटा राजस्थानला द्यायचा.

आजच्या फर्स्ट इयरच्या मुलांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते देशातल्या रोमिंगचा वेगळा आकार न लावता, आणि एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही तो काढून टाकला. बाकीच्यांना तेच करावं लागलं. पण २०००च्या दशकात रोमिंग म्हणजे एक धसका होता. मुंबई महाराष्ट्राची राजधानी खरी, पण टेलिकॉमच्या नकाशात मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा हे दुसरं. जालन्याहून इंटरव्ह्यूला निघालेला पोरगा कसारा घाट उतरून कल्याणकडे सरकला की मोबाईलवर नेटवर्कचं नाव बदलायचं, 'वेलकम'चा मेसेज यायचा आणि तो फोन बंद करून खिशात टाकायचा. घरून फोन आला तर? उचलला तरी पैसे कटणार!

दर जास्त होते हे तर झालंच. त्याबद्दल पेपरात भरपूर लिहून आलं. पण रोमिंगच्या त्रासामागे आणखी एक गोष्ट होती, ती फारशी कोणी सांगितली नाही. ती म्हणजे हिशेब पोचायला लागणारा वेळ. कॉल दोन मिनिटांत व्हायचा, त्याचा हिशेब घरी यायला दोन दिवस, कधी त्याहून जास्त. आणि या उशिराची किंमत कंपनीने नाही, तर ज्याच्याकडे कमी पैसे आहेत त्या ग्राहकाने मोजली. कशी, ते समजण्यासाठी आधी बिल कसं तयार होतं ते बघू.

पाहुण्याचं ताट

आपल्या मेसचं उदाहरण घ्या. तुम्ही ए ब्लॉकच्या मेसचे मेंबर. एक दिवस मित्राकडे सी ब्लॉकला अभ्यासाला गेलात आणि तिथेच जेवलात. सी ब्लॉकचा मेसवाला तुम्हाला ओळखत नाही. तो विचारतो, मेस कुठली? ए ब्लॉक. तो ए ब्लॉकला फोन करून खात्री करतो की हा मुलगा खरंच तुमचा आहे ना, याचं खातं चालू आहे ना. हो म्हटलं की ताट वाढतो, आणि वहीत लिहितो : अमुक मुलगा, अमुक तारीख, एक जेवण, एक जास्तीची स्वीट डिश. महिन्याअखेरीस ही चिठ्ठी ए ब्लॉकला जाते आणि तुमच्या बिलात चढते.

मोबाईलमध्ये अगदी हेच होतं. सिमकार्डात १५ आकडी एक नंबर असतो, त्याला आयएमएसआय म्हणतात. आपला दहा आकडी मोबाईल नंबर तो नव्हे, हा वेगळा. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात (भारताचे ४०४ आणि ४०५), पुढचे कंपनी आणि सर्कल सांगतात. ४०४ नंतर ६६ आलं की बीएसएनएल महाराष्ट्र. ट्रक धौलपूरला पोचला की तिथलं नेटवर्क हे आकडे वाचतं आणि ओळखतं की पाहुणा महाराष्ट्रातला आहे. मग ते महाराष्ट्रातल्या एचएलआरला, म्हणजे ग्राहकाचं मूळ रजिस्टर जिथे असतं तिथे, विचारतं. परवानगी मिळाली की ग्राहकाची माहिती आपल्याकडच्या तात्पुरत्या रजिस्टरमध्ये, व्हीएलआरमध्ये, उतरवून घेतं. तिकडे एचएलआरमध्ये नोंद होते की आपला माणूस सध्या राजस्थानात आहे. हे सगळं काही सेकंदांत.

म्हणजे ओळख पटवणं पहिल्यापासून झटपट होतं. गाडी अडायची ती चिठ्ठीवर.

चिठ्ठीचा प्रवास

कॉल संपला की एक्स्चेंज, म्हणजे एमएससी, एक नोंद लिहितं. तिला सीडीआर म्हणतात, कॉल डिटेल रेकॉर्ड. कोणी केला, कोणाला केला, किती वाजता, किती सेकंद, कुठल्या टॉवरवरून. एका एक्स्चेंजमध्ये दिवसाला अशा लाखो नोंदी. त्यातून आपल्या स्वतःच्या ग्राहकांच्या बाजूला काढायच्या, पाहुण्यांच्या वेगळ्या, पाहुण्यांतही कुठल्या कंपनीचा कोण ते वेगवेगळे गठ्ठे करायचे, प्रत्येक नोंदीवर ठरलेला दर लावायचा आणि फाईल पाठवायची.

जगात शेकडो कंपन्या आणि प्रत्येकाचं एक्स्चेंज वेगळ्या मेकचं. प्रत्येकाने आपल्या मनाने फाईल पाठवली तर समोरचा वाचणार कशी? पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार १९९२ मध्ये टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात झाला, आणि साधारण त्याच सुमाराला जीएसएम कंपन्यांच्या संघटनेने फाईलचा एक सामाईक साचा ठरवला. त्याचं नाव टॅप, म्हणजे ट्रान्सफर्ड अकाउंट प्रोसीजर. २००० मध्ये त्याची तिसरी आवृत्ती, टॅप-३ आली आणि पुढची वीसेक वर्षं जगाचा रोमिंगचा हिशेब बहुतांशी तिच्यावर चालला.

टॅपची फाईल उघडून बघितली (कॉम्प्युटरवाल्यांनी एएसएन-१ नावाचं एन्कोडिंग एकदा समजून घ्यावंच) की लक्षात येतं, हा साचा एखाद्या मुरलेल्या मुनीमाने बसवलाय. प्रत्येक फाईलला नंबर असतो. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला पाठवलेल्या फाईलींचा क्रम चुकता कामा नये. ४१२ नंतर ४१४ आली की घेणारा थांबतो आणि विचारतो, ४१३ कुठाय? आता समजा एखाद्या दिवशी एकही पाहुणा आला नाही. तरीसुद्धा 'आज काही नाही' असं सांगणारी फाईल पाठवायची पद्धत आहे, तीही नंबर टाकून! नाहीतर फाईल नाही म्हणजे पाहुणाच नव्हता की फाईल वाटेत हरवली, हे कळणार कसं? मला टॅपमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आपल्या लॅबच्या जर्नलमध्ये 'रीडिंग नाही' असं कोणी लिहीत नाही, रकाना कोरा सोडतो. मग महिन्याने सर विचारतात तेव्हा प्रयोग केला नव्हता की रीडिंग आलं नव्हतं, ते आपल्यालाही आठवत नाही.

फाईलच्या शेवटी गोषवारा असतो. एकूण किती नोंदी, एकूण किती रक्कम, सर्वांत जुना कॉल कधीचा, सर्वांत ताजा कधीचा. घेणाऱ्याने आतल्या नोंदींची बेरीज करायची आणि शेवटच्या आकड्याशी ताळा बघायचा. जुळला नाही तर अख्खी फाईल परत. एखाद-दुसऱ्या नोंदीतच खोट असेल, म्हणजे तारीख पुढची आहे, दर कराराबाहेरचा आहे, तर तेवढ्याच नोंदी परत पाठवायच्या. परतीच्या या टपालाला रॅप म्हणतात. मग पाठवणाऱ्याने दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं. आणि फार जुनी झालेली नोंद घेणारा सरळ नाकारू शकतो. मग तो कॉल पाठवणाऱ्याच्या खात्यावर फुकट गेला.

वेळेचाही घोळ आहे. दुबईला केलेला कॉल रात्री साडेअकराचा, आपल्याकडे तेव्हा एक वाजून गेलेला आणि तारीख बदललेली. म्हणून वेळ स्थानिक लिहायची आणि शेजारी जागतिक वेळेपासूनचा फरकही लिहायचा. पैशाचं तर विचारूच नका. कंपन्या एकमेकांना लावायचे दर बऱ्याचदा एसडीआरमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात धरत. हे चलन कोणाच्या खिशात नसतं, ते फक्त कागदावर.

शेकडो कंपन्यांनी एकमेकींशी असा पत्रव्यवहार करायचा म्हणजे जाळंच. त्यामुळे मधे क्लिअरिंग हाऊस आली. बँकांचे चेक जसे एका जागी जमून वटतात, तसंच. सगळ्यांनी आपल्या फाईली तिथे द्यायच्या, तिथे त्या तपासल्या जाणार आणि ज्याच्या त्याला मिळणार.

हे सगळं वाचून वाटेल, पद्धत तर चोख आहे! आहेच. पण पायऱ्या मोजा. एक्स्चेंज, गठ्ठे, दर, फाईल, क्लिअरिंग हाऊस, तपासणी, घरची कंपनी, पुन्हा ग्राहकाचा दर, आणि मग बिल. प्रत्येक पायरीवर काम 'बॅच'मध्ये, म्हणजे रात्री एकदा. एक पायरी चुकली की दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबा. अचूकपणा होता, वेग नव्हता. त्यामुळेच मार्चमध्ये केलेला कॉल एप्रिलच्या बिलात उगवायचा आणि मग घरात भांडण, की हा कॉल केला कोणी?

शेजारी उभं राहून बोलायचं, तेही लांबून

इनकमिंगला पैसे का, हा प्रश्न तेव्हा जो तो विचारायचा. मे २००३ पासून आपल्या सर्कलमध्ये इनकमिंग फुकट झालं होतं, मग दिल्लीला गेल्यावर का नाही?

कारण फोन करणाऱ्याला माहीत नसतं की तुम्ही दिल्लीत आहात. भोकरदनहून बायकोने नंबर फिरवला. कॉल आधी महाराष्ट्राच्या गेटवे एक्स्चेंजला गेला. त्याने एचएलआरला विचारलं, हा माणूस कुठाय? एचएलआरने दिल्लीकडून एक तात्पुरता नंबर मागून घेतला आणि कॉल त्या नंबरवर पुढे गेला. बायकोने पैसे दिले लोकल कॉलचे. महाराष्ट्र ते दिल्ली हा उरलेला एसटीडीचा तुकडा कोणाच्या माथी? ज्याने फोन घेऊन प्रवास केला त्याच्या.

आता याहून मोठी गंमत. केदारखेड्याचे दोघे आझादपूर मंडीत दहा फुटांवर उभे आहेत. एकाने दुसऱ्याला फोन लावला. नंबर महाराष्ट्राचा, म्हणून कॉल दिल्लीहून महाराष्ट्रात जाणार आणि तिथून परत दिल्लीत येणार. इंजिनिअर लोक याला ट्रॉम्बोनिंग म्हणतात, त्या वाद्याची नळी अशीच लांब जाऊन परत येते म्हणून. बिलात एकाला एसटीडी, दुसऱ्याला रोमिंग इनकमिंग. आणि या एका कॉलच्या नोंदी तीन : दिल्लीत करणाऱ्याची, दिल्लीत घेणाऱ्याची, आणि महाराष्ट्राच्या गेटवेवर पुढे पाठवल्याची. तिन्ही जुळल्या पाहिजेत. एक जरी दोनदा आली आणि पकडली गेली नाही, तर कोणाच्या तरी बिलात कॉल डबल!

मिस्ड कॉलची भाषा यातूनच वाढली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे पीसीओवरून फोन करतो. न उचललेल्या कॉलचे पैसे नाहीत, हे आपल्या लोकांनी बिलिंगचं पुस्तक न वाचता ओळखलं होतं.

डिपॉझिट कशासाठी?

आता मुद्द्यावर येऊ. हिशेब दोन-तीन दिवसांनी येणार असेल तर तोपर्यंत कंपनी काय करते? उधारी देते. पाहुण्याने तिकडे किती कॉल केले हे तिला माहीत नाही, पण ते पैसे तिला भरावेच लागणार आहेत. ग्राहकाने दिले नाहीत तरी!

उधारीचा धंदा आला की माणूस बघून दिली जाणार. त्यामुळे सुरुवातीला रोमिंग मिळायचं ते पोस्टपेडवाल्याला, आणि तेही पत्त्याचा पुरावा आणि वर डिपॉझिट घेऊन. पगारदार साहेबाला अडचण नव्हती. ट्रक ड्रायव्हर, ऊसतोडीला जाणारा मुकादम, सुरतेला कामाला गेलेला पोरगा, हॉस्टेलचा विद्यार्थी, ही सगळी मंडळी प्रीपेडवाली. यांची कार्डं घराबाहेर मुकी. खरं तर गावापासून लांब असताना फोनची गरज यांनाच जास्त. प्रीपेडवाल्याने तर पैसे आधीच भरलेले असतात, म्हणजे बुडण्याची भीती नाही. मग त्याला का नाही?

कारण त्याचे पैसे जालन्याच्या बाजूच्या सर्व्हरमध्ये आणि कॉल दिल्लीच्या एक्स्चेंजवर. दिल्लीला माहीत नाही की याच्या खात्यात १०० रुपये आहेत की ४. चिठ्ठी दोन दिवसांनी येईपर्यंत चार रुपयेवाला चारशेचं बोलून मोकळा झालेला असेल. अडचण गरिबीची नव्हतीच, हिशेबाच्या वेगाची होती. पण बाहेरून दिसताना ती 'प्रीपेडला ही सोय नाही' अशी दिसायची.

आधी विचारा, मग जोडा

यावर सुरुवातीला जुगाड निघाला. ग्राहकाने सरळ कॉल करायचाच नाही. स्टार, कोड, नंबर, हॅश असं दाबायचं. हा संदेश घरच्या सर्व्हरला जातो, तो बॅलन्स बघतो, आणि सर्व्हरच दोन्हीकडे फोन लावून जोडून देतो. म्हणजे कॉल करणाऱ्याला इनकमिंग येतं! चालायचं, पण आई-वडिलांना शिकवता शिकवता नाकी नऊ यायचे.

खरं उत्तर निघालं ते कॅमल. नाव ऐकून राजस्थान आठवेल, पण हा उंट नव्हे. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. कल्पना साधी. बाहेरच्या एक्स्चेंजने पाहुण्याचा कॉल जोडण्याआधी अर्धा क्षण थांबायचं आणि घरच्या सर्व्हरला विचारायचं : तुमचा माणूस अमुक नंबर लावतोय, जोडू का? सर्व्हर खात्यात बघतो. समजा, २१ रुपये आहेत आणि दर मिनिटाला २ रुपये ४० पैसे. भागाकार केला तर पावणेनऊ मिनिटं, पण मिनिटाच्या पल्सने पूर्ण मिनिटं आठच. सर्व्हर आठ एकदम देत नाही. सांगतो, तीन मिनिटं जोड, मग परत विचार. तेवढ्याचे ७ रुपये २० पैसे बाजूला काढून ठेवतो. तीन मिनिटं संपत आली की एक्स्चेंज पुन्हा विचारतं. कॉल मधेच संपला तर न वापरलेले पैसे खात्यात परत.

बघा, इथे काय बदललं. चिठ्ठी कॉलनंतर दोन दिवसांनी यायची ती आता कॉलच्या आधी, मधे आणि शेवटी येतेय. उधारी संपली, त्यामुळे डिपॉझिटही नको. पत्त्याचा पुरावा बघून पत ठरवायची गरज राहिली नाही. मेसच्या भाषेत सांगायचं तर सी ब्लॉकवाल्याने चपाती वाढण्याआधी ए ब्लॉकला फोन करून विचारलं, याच्या कुपनात अजून किती शिल्लक?

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्यातली सिग्नलिंगची लिंकच बंद पडली आणि सर्व्हरचं उत्तर आलंच नाही, तर? एक्स्चेंज ठराविक वेळ वाट बघतं. त्यानंतर काय करायचं हे ग्राहकाच्या नोंदीत आधीच लिहून ठेवावं लागतं, जोडायचं की तोडायचं. जोडलं तर कंपनीचे पैसे जाऊ शकतात. तोडलं तर रात्री दोनला घाटात गाडी बंद पडलेल्या माणसाचा फोन लागत नाही. हा काही टेक्निकल प्रश्न नाही. पण तो टेक्निकल मॅन्युअलमधल्या एका बिटमध्ये बसलेला असतो, आणि कोणीतरी इंजिनिअर ती बिट ० की १ ते भरतो. व्हायवाला असले प्रश्न विचारत नाहीत.

डेटाचं गणित त्या मानाने सोपं निघालं. बाहेरगावी इंटरनेट सुरू केलं तरी सगळी पाकिटं बहुतेक वेळा घरच्या गेटवेतूनच फिरून जातात, त्यामुळे किती एमबी झाले ते घरच्या कंपनीला स्वतःलाच दिसतं. तरी परदेशात जाऊन लाखाची बिलं आलेल्या लोकांच्या गोष्टी आपण ऐकल्यात. मोजता येत होतं, पण वेळेवर थांबवत नव्हते. युरोपियन युनियनने २०१० मध्ये नियमच केला, की दुसरं काही ठरवलं नसेल तर महिन्याला ५० युरोवर डेटा रोमिंग तोडायचं आणि त्याआधी ग्राहकाला कळवायचं. नियम येताच ते जमलं!

चोरांचा शुक्रवार

पोस्टपेडचा हिशेब मात्र उशिराच येत राहिला आणि त्या उशिरावर टपून बसलेली एक जमात होती. खोट्या कागदांवर पोस्टपेड सिम घ्यायची, परदेशात न्यायची आणि तिथून महागड्या नंबरांवर रात्रंदिवस कॉल लावायचे. त्या नंबरांच्या कमाईत यांचा हिस्सा. घरच्या कंपनीला टॅपची फाईल मिळेपर्यंत सिम कचऱ्यात. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करायचं, कारण शनिवार-रविवार ऑफिसात बघणारं कोणी नाही.

यावर आधी उपाय होता तो असा, की पाहुण्याचा वापर ठराविक रकमेपुढे गेला तर बाहेरच्या कंपनीने ३६ तासांच्या आत रिपोर्ट पाठवायचा. छत्तीस तास! तेवढ्यात चोर घरी जाऊन झोपलेला. मग जीएसएम संघटनेने ठरवलं की बिलाची फाईल तिच्या गतीने येऊ दे, पण दर न लावलेली छोटी नोंद कॉल संपल्यापासून ४ तासांत घरी पोचलीच पाहिजे. ऑक्टोबर २००८ पासून हे बंधनकारक झालं. यातली खरी हुशारी पुढेच आहे. नोंद वेळेत पाठवली नाही आणि फसवणूक झाली तर नुकसान उशीर करणाऱ्याच्या अंगावर. आधी उशीर एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याला, म्हणून कोणाला घाई नव्हती. भुर्दंड जागा बदलून बसला आणि त्याच एक्स्चेंजांतून, त्याच तारांवरून नोंदी चार तासांत यायला लागल्या.

ट्रायचे आकडे

आपल्याकडे दरांवर ट्रायने तीनदा कात्री चालवली. फेब्रुवारी २००७ पासून रोमिंगचं वेगळं मासिक भाडं आणि वरचा सरचार्ज बंद झाला, आणि मिनिटाला जास्तीत जास्त लोकल १ रुपया ४० पैसे, एसटीडी २ रुपये ४० पैसे, इनकमिंग १ रुपया ७५ पैसे अशी मर्यादा आली. जुलै २०१३ मध्ये तेच १ रुपया, दीड रुपया आणि ७५ पैसे. मे २०१५ मध्ये ८० पैसे, १ रुपया १५ पैसे आणि ४५ पैसे. त्यानंतरचं सुरुवातीला सांगितलंच.

बिलाच्या अचूकपणाकडेही लक्ष गेलं. २००६ मध्ये ट्रायने मीटरिंग आणि बिलिंगसाठी आचारसंहिता आणून कंपन्यांच्या बिलिंगचं ऑडिट सुरू करायला लावलं. २००९ च्या नियमांत तक्रार आलेली बिलं ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नसावीत अशी अट होती, म्हणजे हजारात एक. आणि २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांनी प्रीपेडवाल्यालाही तपशीलवार हिशेब मागायचा हक्क दिला, जास्तीत जास्त ५० रुपयांत. बॅलन्स कुठे गेला हे कागदावर बघायला मिळणं प्रीपेडवाल्यासाठी नवीन होतं. तोवर 'कट गया' एवढंच.

हिशेब संपलेला नाही

रोमिंगचे पैसे गेले म्हणून पडद्यामागचा हिशेब गेलेला नाही. आणि आता तर रोमिंग घराजवळच आलंय. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने सरकारी निधीतून उभारलेल्या सुमारे २७ हजार टॉवरवर इंट्रा-सर्कल रोमिंग सुरू केलं. टॉवर एका कंपनीचा, पण त्या गावात दुसऱ्या कंपन्यांची सिमही त्यावर चालणार. म्हणजे शेतात उभा असलेला माणूसही पाहुणा! त्याच्या बिलात काही दिसत नाही, पण कोणाची किती मिनिटं, किती जीबी कोणाच्या टॉवरवरून गेले याचं माप ठेवणं आलंच.

टॅपलाही आता म्हातारपण आलंय. मीटर, गाड्यांचे ट्रॅकर, शेतातले सेन्सर यांच्यात सिम बसायला लागली. असा सेन्सर दिवसातून दहा वेळा शंभर-दोनशे बाइट पाठवतो, आणि त्या प्रत्येक वेळची टॅप नोंद त्या डेटापेक्षा मोठी होऊ शकते. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला! म्हणून जीएसएम संघटनेने बीसीई नावाची नवी पद्धत आणली. तिच्यात एकेक नोंद पाठवायची नाही, फक्त बेरजा पाठवायच्या. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या घरी मोजायचं, आकडे जुळले तर पैसे द्यायचे. जुळले नाहीत तरच तपशील काढायचा.

इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मुलांना यात प्रोजेक्टचा विषय आहे. दोन वह्यांतल्या लाखो नोंदींमधून नेमक्या कुठल्या चार जुळत नाहीत ते कमीत कमी वेळात शोधायचं. तयार टॅप फाईली कोणी देणार नाही, त्यांत लोकांचे खाजगी नंबर असतात. पण नोंदी बनवणारा प्रोग्राम आधी लिहिता येईल, आणि त्यात मुद्दाम एखादी ४१३ नंबरची फाईल गाळून बघता येईल.